कात्र्या थांबवणारा पाणीवाला

आमच्याकडे नियम असा होता, की गोष्ट सांगणारीने कात्री धरायची नाही.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-दहा बायका जीन्सचे धागे कापायला बसायचो. शिवून आलेल्या पँटला आतून-बाहेरून दोऱ्यांची शेपटं लोंबत असतात. ती बोटभर कात्रीने कचकच कापायची, पँट उलटी करायची, झटकायची, गठ्ठ्यावर फेकायची, की पुढची घ्यायची. बोटं निळी व्हायची आणि दुपारच्या भाकरीलाही निळे ठसे उठायचे. कामात डोकं रिकामं आणि तोंड मोकळं, म्हणून एकीने गोष्ट सांगायची आणि तिच्या वाट्याच्या पँटी बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या, अशी रीत पडली होती. शेठला त्याचं काही नव्हतं. संध्याकाळी गठ्ठे टेम्पोत चढले की झालं.

शेठची म्हातारी आई, जिला आम्ही सगळ्या अम्मा म्हणायचो, दारातल्या हिंदोळ्यावर बसून कान लावायची. गोष्टीला नाही हो, कात्र्यांना. कचकच चालू असली की हिंदोळाही कुरकुरत चालू. कचकच मंदावली की हिंदोळा थांबायचा आणि हाक यायची, "छा थ्यो? क्या हुआ? सो गईं क्या सब?"

गोष्ट सांगणारीला बसायला रिजेक्ट पँटींची घडी घातलेली गादी होती. भिंतीला पाठ टेकता यायची, आणि खोलीतला एकुलता एक पंखा बरोबर त्या गादीवर वारा टाकायचा. मला ती गादी हवी होती. लाज कशाची! ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तिशीच्या आतली, नवरा अंबरनाथला आनंदनगरच्या कारखान्यात फिरत्या पाळीवर, आणि मी लायब्ररीची मेंबर. वेणीत अबोली, डोक्यात वारं. आपल्याला गोष्टीतलं सगळं कळतं अशी माझी खात्री होती. शिवाय माझ्या हाताला कात्री कधी लाभलीच नाही. धाग्याबरोबर मी पट्ट्याचे लूप कापायची. एका पँटचा तर खिसाच कापला होता, आणि तो मी गुपचूप गठ्ठ्याच्या मधोमध सारला होता.

तोवर गादीवर वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावरची आजी असायची. ती लेकीकडे राहायला आली होती. डोंगरातली भुतं, चकवे आणि वाघरं यांच्या गोष्टी ती इतक्या साध्या आवाजात सांगायची, की जणू कालच त्यांच्याकडून विरजण मागून आणलंय. मी नाक मुरडलं. "आजी, भुतं कुठे राहिली आता? आजची गोष्ट ऐकू या की!" बायकांनी टाळ्या पिटल्या. आजी उतरली, माझी कात्री तिने उचलली आणि एवढंच म्हणाली, "बस गो बाई. पन एक ध्यानात धर. ह्या बस म्हनाल्या का उतराचा."

तोही नियमच होता. ऐकणाऱ्या कंटाळल्या की सांगणारीने उतरायचं.

त्या दिवशी सकाळी आमच्या चाळीला पाणी आलं नव्हतं, म्हणून मी पहिला बार पाण्याचाच उडवला. माझ्या गोष्टीत एक वस्ती होती, तिच्यात पुढची गल्ली आणि मागची गल्ली, आणि दोन्हींचं पाणी एकाच माणसाच्या हातात. व्हॉल्व उघडायची लोखंडी चावी खांद्यावर टाकून फिरणारा पाणीवाला! त्याला मी काय काय केलं म्हणून सांगू! लाल डोळे, पिळलेल्या मिशा, खदाखदा हसणं. हंडे रिकामे दिसले की त्याला आनंद व्हायचा. मागच्या गल्लीतल्या विधवेचं पाणी तो नुसता गंमत म्हणून बंद करायचा. बायकांनी त्याला अशा शिव्या घातल्या की कात्र्या दुप्पट वेगाने चालल्या. अम्माचा हिंदोळा आभाळाला टेकायचा बाकी होता. मी गादीवर मांडी ठोकून बसले. मनात म्हटलं, लेखिका व्हायचीच राहिले मी!

हा तोरा आठवडाभर टिकला.

मग जांभया सुरू झाल्या. "आज कोणाचं पाणी तोडलं?" असं एकीने विचारलं, ते "आज भाजी काय?" म्हणावं तसं. आजीने कात्री न थांबवता विचारलं, "गो, हा मेला जेवतो कवा?"

"म्हणजे?"

"सकाली हिचा पानी तोडतो, दुपारी तिचा. घर नाय, दार नाय, भूक नाय. आमच्या डोंगरातला भूतसुद्धा कोंबडा मागतो. ह्याला काय पायजे?"

मला राग आला. त्याला काय पाहिजे? त्याला वाईटपणा करायला पाहिजे! खलनायक आहे तो! लायब्ररीतल्या पुस्तकांत असतात की असे, मी काय घरचा शोध लावला होता?

त्यातच नवी बाई आली. बदलापूरहून नुकती राहायला आलेली, बारीक चणीची, हात भलता चपळ. दोन दिवस मान खाली घालून ती पाणीवाल्याची कुकर्मं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर कुणीतरी सहज विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"पाणी सोडतात," ती म्हणाली. "व्हॉल्ववर आहेत."

खोलीत असली शांतता झाली, की अम्मा उठून पाहायला आली.

दुपारच्या दुपारी मी पाणीवाल्याच्या मिशा उतरवल्या, डोळे पांढरे केले आणि त्याला संत करून टाकलं. पाणी खरं तर वरूनच कमी येतं, तो बिचारा काय करणार! तो स्वतःच्या घरचं पाणी मागच्या गल्लीला देतो. विधवेला तो ताई म्हणतो. मी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालायच्या बेतात होते, एवढ्यात नव्या बाईने पँट खाली ठेवली.

"माझ्यामुळे बदललात ना?"

"छे छे! गोष्टच तशी होती."

"ताई, असा माणूस मी तरी पाहिला नाही. मी त्याच खात्याच्या माणसाशी संसार करते म्हणून सांगते." बायका फिस्सकन हसल्या. "काल निदान शिव्या घालायला मजा येत होती. आज याची नुसती पूजा करायची? तेवढ्यासाठी घरी देव आहेत."

झालं! काळा चालेना, पांढरा चालेना. घरी येऊन मी विचार केला, आणि तेव्हाच्या माझ्या डोक्याप्रमाणे तो थोरच होता. थोडं काळं घ्यायचं, थोडं पांढरं घ्यायचं, ढवळायचं. भजीचं पीठ कालवतात तसं! दुसऱ्या दिवशी माझ्या पाणीवाल्याने सकाळी मागच्या गल्लीचं पाणी तोडलं, आणि संध्याकाळी घरी जाताना एका लंगड्या कुत्र्याला बिस्कीट खायला घातलं. मी आवाज कातर केला. कुत्र्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. आता कुणीतरी पदर डोळ्याला लावेल म्हणून वाट पाहत थांबले.

आधी आजी हसली. मग सगळ्या. हसता हसता एकीच्या हातून कात्री पडली.

"बिस्कीट खाल्लं म्हणून कुत्रा माफ करेल त्याला. आमचे हंडे कोण भरणार?"

"अगं, उद्या तो चोरी करेल आणि मांजरीला दूध पाजेल!"

"आणि परवा खून करून चिमण्यांना दाणे!"

आजीने डोळे पुसले. "पोरी, ही गोधडी झाली. हितं काला तुकडा, तितं पांढरा तुकडा. मानूस काय गोधडी हाय?" आणि मग हळूच, मला ऐकू जाईल एवढंच, "उद्याचा दिस घे. नाय जमला त परवा मी चकव्याची सुरू करते."

म्हणजे एक दिवस. नाहीतर गादी गेली, पंखा गेला, आणि हातात कात्री.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या चाळीच्या नळावर होते. रांग लावायचं काम त्या महिन्यात माझ्याकडे होतं. कोणाचा हंडा कुणाच्या मागे, हे मी ठरवायचं. कोपऱ्यावर नवीन इमारत झाली होती, तिथली एक बाई रिकामी बादली घेऊन आली. त्यांच्या टाकीत काही बिघाड होता. रांगेच्या शेवटी जा, असं मी म्हणणारच होते, तर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हाला तरी समजेल."

मॅडम!

जन्मात मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. सासरी मी "अगं ए", माहेरी "कार्टी", आणि शेठकडे "ओ बाई". माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी तिची बादली पहिली लावली. मागून कुणीतरी ओरडलं. मी वळून, मान ताठ करून म्हटलं, "अडचण आहे त्यांची. माणुसकी ठेवा जरा!" हे बोलताना मला खरंच वाटत होतं, की मी काहीतरी फार चांगलं करते आहे. बादली भरली, बाई गेली, आणि रांगेतल्या शेवटच्या बाईचा हंडा अर्धा भरेस्तोवर नळ फुर्र फुर्र करून थांबला.

मी त्या अर्ध्या हंड्याकडे पाहत उभी राहिले आणि मला एकदम हसूच फुटलं. अगं बाई! हाच तो! इतके दिवस मी याला वस्तीभर शोधत होते, आणि हा माझ्याच पदराआड उभा! याला लाल डोळे कशाला हवेत? याला कुणीतरी साहेब म्हणायला हवं, बस! मी माझी कळशी तिच्या हंड्यात उपडी केली, कारण ती बाई माझ्याकडे बघत होती. कुणी बघत नसतं तर ओतली असती का, ते मला आजही सांगता येत नाही. आणि तेही मला कामाचं वाटलं. तेही मी पदराला बांधून घेतलं.

त्या दिवशी मी कामावर चालत गेले नाही, पळत गेले. पायात चपला होत्या की नव्हत्या कुणास ठाऊक. गादीवर बसले, धापा टाकत होते, आणि सुरुवात केली.

पाणीवाला असा होता, की त्याला कुणी हाकच मारत नसे. "ए पाणी!" एवढंच त्याचं नाव. मागची गल्ली, जिथे तो स्वतः वाढला, तीही त्याला "ए पाणी" म्हणे. एक दिवस पुढच्या गल्लीतल्या कुणीतरी त्याला ओट्यावर खुर्ची दिली. बशीतून चहा दिला, आणि म्हटलं, "साहेब, जरा पाहा की आमच्याकडे." तो खुर्चीत बसला. चहा संपायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ पुढच्या गल्लीचं पाणी जास्त चाललं. तेवढंच. दुसऱ्या दिवशी तो चहा अगदी हळूहळू प्याला.

खोलीत कुणी हसलं नाही. कात्र्या चालू होत्या, पण लय बदलली होती.

"मग मागच्या गल्लीला कमी पडलं असेल," एक म्हणाली.

"पडलंच. आणि त्याला ते दिसत होतं."

"तरी बसला?"

"खुर्ची होती ना," नवी बाई हळूच म्हणाली. तिने मान वर केली नव्हती.

मी पुढे सांगत गेले. काय सांगते आहे ते मलाच नवीन होतं! हा माणूस वाईट असला तरी त्याची एक रेघ होती. ज्या घरात बाळंतीण आहे, त्या गल्लीचं पाणी तो कधी तोडत नसे. हा नियम त्याला कुणी घालून दिला नव्हता. त्याच्या आईने त्याला पाण्यावाचून जन्म दिला होता, असं त्याने ऐकलं होतं. खुर्चीवाले कितीही साहेब म्हणोत, बाळंतिणीचं पाणी तो पुरं सोडायचा. त्या एका नियमावर तो रात्री शांत झोपत असे. आजीची मान डोलली. ती डोलली म्हणजे काय, हे डोंगराला विचारा.

जेवणाच्या सुट्टीत कुणी डबाच उघडेना. "सांग, सांग, पुढे काय?" मी घोटभर पाणी प्यायले, आणि आजवर केला नव्हता तो दुष्टपणा केला. माणसावर नाही, त्याच्या नियमावर.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. हॉल पुढच्या गल्लीत, खुर्चीवाल्यांनीच मिळवून दिलेला. वऱ्हाड दारात आलं. आचारी पाण्यासाठी ओरडतोय, व्याह्यांना पाय धुवायला पाणी नाही, नवरदेवाचा मामा म्हणतोय, "पाणीवाल्याच्या घरी पाणी नाही, अशी कशी सोयरीक?" वरून पाणी आलं ते एकाच गल्लीला पुरेल एवढं. आणि त्याच पहाटे मागच्या गल्लीत एक बाई बाळंत झालेली. तो लग्नाचा नवा सदरा घालून, खांद्यावर चावी टाकून व्हॉल्वपाशी उभा राहिला.

मी थांबले. तशीच थांबले. घाई केली असती तर वाया गेलं असतं, एवढी अक्कल कुठून आली कुणास ठाऊक.

"मागची सोड रे बाबा," एकीने त्यालाच सांगितलं. मला नव्हे, त्याला!

"आणि पोरीचं? पहिल्याच दिवशी टोमणे घेऊन नांदायला जाऊ दे?"

"बाळंतीण आहे!"

"मुलगी आहे!"

"त्याने पुढची सोडली," मी म्हणाले. "आणि पाणी धो धो यायला लागल्यावर आचाऱ्याच्या पातेल्यांतून दोन हंडे स्वतः भरून घेतले. एक खांद्यावर, एक हातात. वाजंत्री वाजत होती. नव्या सदऱ्यावर पाणी सांडत तो मागच्या गल्लीत गेला आणि बाळंतिणीच्या दाराशी उभा राहिला. तिची सासू बाहेर आली. तिने हंडे पाहिले, सदरा पाहिला. 'ठेव,' म्हणाली. त्याने ठेवले. तो काहीतरी बोलणार होता. तिने हंडे आत घेतले आणि दार लावून घेतलं."

"मग?"

"मग काही नाही. संपली."

"संपली?" आजी गुडघ्यांवर उभीच राहिली. "गो, संपली कशी? तिने त्याच्या तोंडावर का नाय मारला पानी?"

"तान्हं आहे घरात, तोंडावर मारायला पाणी आहे कुठे तिच्याकडे!"

"पण त्याने आणून तर दिलं ना! दुसरा कोण देतो?"

"आधी तोडायचं, मग आणून द्यायचं, वर उपकार!"

"उपकार कुठे म्हणाला तो? बोललाच नाही!"

"बोलणार होता!"

"काय बोलणार होता? तुला काय माहीत?"

दोन तट पडले होते, एकेक बाई पँट हातात नाचवत होती. कुणाच्याही बोलण्यात मी नव्हते, माझी गोष्ट नव्हती. तो होता. मग सगळ्या एकदम नव्या बाईकडे वळल्या. "तू सांग गं. तुझा माणूस काय करेल?"

तिने बराच वेळ हातातली पँट उलटीसुलटी केली. जीन्सचं कापड वरून निळं, आतून पांढरट. दोन्ही धागे एकाच विणीतले, सोडवायला जावं तर कापडच राहत नाही. वर्षभर मी तेच उलटंसुलटं करत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"तो ना?" ती म्हणाली. "तो आधी घरी येऊन मला विचारेल." आणि पँट मांडीवर ठेवून, "मी काय सांगेन, ते मात्र मला माहीत नाही."

यावर जो गलका उठला, तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असेल. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की हिंदोळा कधीचा थांबला आहे. अम्मा दारात उभी होती. तिच्यामागे शेठ. त्याच्यामागे टेम्पोवाला. आणि आमच्यापुढे धाग्यांची शेपटं लोंबकळत असलेला जीन्सचा डोंगर, दुपारी होता तसाच. कात्र्या कुणी कधी खाली ठेवल्या, ते एकीलाही आठवेना.

"क्या हुआ? किसका झगडा है?" शेठने विचारलं.

"पाणीवाल्याचा," आम्ही म्हणालो.

"कौन पानीवाला? किधर है?"

त्याला काय सांगणार? त्याने कपाळावर हात मारला. टेम्पो अर्धा रिकामाच परत गेला. शेठ चांगला माणूस होता, शिव्या दिल्या नाहीत. फक्त हुकूम काढला, "कल से कहानी बंद. मैं रेडियो ला के देता हूं."

अम्मा जाता जाता माझ्यापाशी थांबली. कानाशी वाकून म्हणाली, "पर उसकी बेटी का क्या हुआ? ससुराल में ठीक है?"

दुसऱ्या दिवशी माझ्या गादीवर रेडिओ बसला. पंख्याचा वारा तो खात होता. आणि मी, लायब्ररीची मेंबर, आजीच्या शेजारी चटईवर, हातात कात्री. गादी वाचवायला म्हणून जी गोष्ट रचली, तिनेच मला गादीवरून खाली उतरवलं! रेडिओवर गाणी लागली, पण ऐकतंय कोण? सगळ्या पुन्हा पाणीवाल्यावर सुरू झाल्या. कालचे तट आज बदलले होते. काल त्याला फासावर चढवणारी आज त्याची वकील झाली होती. आजी म्हणत होती, तो दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसला नसणार. नवी बाई म्हणत होती, बसला असणार, फक्त चहा गोड लागला नसणार.

मला राहवेना. माझाच ना तो माणूस? मी घसा खाकरला. "अहो ऐका, खरं म्हणजे त्याच्या मनात असं होतं की..."

आजीने माझ्या मांडीवर चापट मारली.

"तू गप गो! तुला काय ठाव त्याच्या मनातला?"

इतका आनंद मला त्यानंतर लेकाच्या लग्नातसुद्धा झाला नाही. त्या आनंदात मी एक लूप कापला.